पोटातलं पाणी

८ जानेवारी

परत उशीर! दादाची पाळी सकाळची, डायलिसिसची मशीन मिळाली दुपारी. आधीच्या पेशंटचं बीपी पडलं म्हणे. बाकावर बसून बसून कंबर गेली. शाळेत अर्धी रजा टाकली होती, ती पूर्ण झाली. मोठ्या बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बद्रीदादा दिवाळीपासून माझ्याकडं मुकुंदवाडीत आहे. पैठणहून आठवड्यातून तीनदा यष्टीनं येणं-जाणं त्याला झेपेना. तिकडं त्याचं मोटारी भरायचं दुकान — विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. आता कुलूप. गोदावहिनी आणि आई तिकडं, तो इथं. आतली खोली त्याला दिली, मी बाहेर दिवाणावर झोपते. तक्रार नाही. लिहिते आहे म्हणजे थोडी असेल.

आज त्याला नव्या मशीनवर घेतलं. डॉ. नीरजा मॅडम सांगत होत्या — साध्या डायलिसिसमधे रक्तातली घाण गाळणीतून झिरपते, पण बारीक तेवढीच. याच्यात रक्तात मुद्दाम भरपूर शुद्ध पाणी सोडतात आणि ओढून काढतात. पाण्याच्या ओढीनं मोठी घाणही निघते. दादा म्हणाला, "म्हंजे भांडं नुसतं बुचकाळून न काढता धारंखाली धरल्यावानी." मॅडम हसल्या. दादाही हसला. किती दिवसांनी!

११ जानेवारी

खाज कमी. पायात गोळे आले नाहीत. दीड भाकरी खाल्ली! मी पण जेवले मग.

१९ जानेवारी

आई आणि वहिनी आल्या. वहिनीनं घरची मोसंबी आणली होती पिशवीभर — दादाला चालत नाही, पोटॅशियम वाढतं, हे पार विसरून. आठवल्यावर तिनंच पिशवीला गच्च गाठ मारली आणि दिवाणाखाली सरकवली.

जेवणं झाल्यावर आईनं किडनी देण्याचा विषय काढला. आमची आई कुणाच्या भिडेला पडणारी नाही. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. आईला शुगर. यादीत नाव लावलंय, तिथून फोन कधी येईल कुणाला ठाऊक. उरले मी. माझा ओ. कुणालाही चालतो.

"तुला काय गं, मागं नवरा न्हाई, लेकरंबाळं न्हाईत. तुझ्यावाचून कुणाचं अडतंय?"

असं म्हणाली! मी उठून भांडी घासायला लागले. आतून दादा ओरडला, "आई, तिला काय बी म्हणायचं नाय, सांगून ठेवतो." वहिनी मात्र उठली. येऊन माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि स्वतः घासायला बसली. आईच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

मला भीती वाटते. इथं तरी लिहू दे. पोट फाडायची भीती, नंतरची भीती. आणि राग येतो. कुणी मला विचारलंच नाही. मी आहेच म्हणून धरून चाललेत — घरात जास्तीची खुर्ची असावी तशी.

२० जानेवारी

मोसंबी शाळेत नेऊन वाटली. स्टाफरूममधे सगळे म्हणाले, लई गोड! मला एक फोड गेली नाही.

५ फेब्रुवारी

दादाच्या डाव्या हातात फिस्टुला केलेला आहे — धमनी आणि शीर जोडलेली, सुया टोचायला. त्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. तो रोज सकाळी उठला की मनगट कानाशी नेतो, दुकानात मोटार ऐकायचा तसा.

आज चहा ठेवला होता. दारात येऊन उभा राहिला. "तने, मोटार बंद पडली."

मला कळायला वेळ लागला. हात लावून बघितला. काहीच नाही. नुसता हात.

६ फेब्रुवारी

गुठळी काढायचा प्रयत्न केला. नाही निघाली. आधी उजव्या हाताचा गेला, आता हा. मॅडम म्हणाल्या, शिरा बारीक आहेत, तिसरा होईल असं वाटत नाही. मानेत नळी घातली. नव्या मशीनला रक्ताचा जेवढा जोर लागतो तेवढा या नळीतून मिळत नाही. म्हणजे परत साधं डायलिसिस.

यायला रिक्षा मिळाली नाही लवकर. दादा मानेला रुमाल गुंडाळून जालना रोडच्या कडेला उभा. लोक वळून बघत होते.

१४ फेब्रुवारी

खाज परत. गोळे परत. रोज प्यायला परवानगी अर्ध्या बाटली पाण्याची. तो बर्फाचा खडा तोंडात धरून टीव्ही बघतो. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते, आवाज न करता.

३ मार्च

चाचणीचे पेपर तपासायला आलेत. गठ्ठा घेऊन डायलिसिसच्या बाकावर बसले. गणिताचा पेपर, कुणाची तरी बेरीज चुकली म्हणून मलाच रडू आलं. काय हे!

११ मार्च

मशीन चालू असतानाच दादाला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. तीन ब्लँकेटं टाकली तरी थांबेना. मानेच्या नळीतून जंतू रक्तात गेले. भरती केलंय. मला आत सोडत नाहीत. आईचा दिवसभर फोन — "काय म्हणतेत डॉक्टर?" मी म्हणते, बरंय. मग ती नुसती फोन धरून बसते.

१२ मार्च

शुद्धीवर आहे. मला म्हणाला, "तू जेवलीस का?"

१७ मार्च

मॅडमनी वहिनीला आणि मला खोलीत बोलावलं. मानेची नळी अशी किती दिवस ठेवणार. मी विचारलं, घरीच मशीन बसवता येते असं वाचलंय? म्हणाल्या, येते, पण तेही रक्ताचंच डायलिसिस, त्यालाही शिरा लागतात, आणि शुद्ध पाणी लागतं भरपूर, रोजच्या रोज. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं पण!" तिघी हसलो. कशावर हसलो, देव जाणे.

मग त्यांनी पोटाचं डायलिसिस सांगितलं. पोटात आतून एक पातळ पडदा असतो, त्याचीच गाळणी करायची. बारीक नळी कायमची बसवायची. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं. घाण त्या पाण्यात उतरते. मग ते काढून टाकायचं, नवीन भरायचं. सुया नाहीत. पाण्याच्या पिशव्या तयार घरी येतात. आणि हे सगळं झोपेत करणारी छोटी मशीन असते — माणूस झोपतो, ती भरते, काढते, भरते, काढते. दिवस मोकळा!

"मग हे आधीच का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाली. पहिल्यांदाच ती डॉक्टरांसमोर बोलली.

"सांगितलं होतं वहिनी, दिवाळीत," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या सासूबाई म्हणाल्या, घरात नको."

खरं आहे. मी पण होते तिथं. मला पण तेव्हा भीती वाटली होती — घरात करायचं म्हणजे मीच करायचं.

२० मार्च

आई अजून नाहीच म्हणते. "पोटाला भोक पाडून घरी पाठवायलेत. जंतू गेले तर?" आणि मग माझ्याकडं बघते. तिच्या मनात एकच इलाज आहे आणि तो तिच्यासमोर बसून भाकरी खातोय.

२१ मार्च

दादानंच ठरवलं. "मला पैठणला जायचंय. दुकान उघडायचंय. जे मला घरी पाठवील ते करा."

२ एप्रिल

पोटात नळी बसवली. छोटं ऑपरेशन. दोन आठवडे तशीच ठेवायची, जखम धरेपर्यंत. तोवर मानेतूनच. बाहेर उन्हाचा कहर. मला सुट्टी नसल्यानं वहिनी आलीय राहायला. आतल्या खोलीत ती दोघं, बाहेर मी. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी दुसऱ्यानं चहा केला.

१८ एप्रिल

शिकवणी सुरू. चारुता सिस्टर शिकवतात. कडक बाई! पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुवायचे, नळीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही. लागलं तर पुसून चालत नाही — सगळं टाकून नवीन.

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. "मला नाय जमायचं सिस्टर, मी सातवी शिकलेली."

"सातवीत हात धुवायला शिकवत नाहीत का?" सिस्टर म्हणाल्या. वहिनी आधी रडली, मग हसली, मग परत पहिल्यापासून हात धुतले.

२३ एप्रिल

वहिनीनं आज सगळं एकटीनं केलं. सिस्टर नुसत्या बघत उभ्या. झाल्यावर वहिनीनं मास्क काढला, ओठावर घामाचे थेंब. माझ्याकडं बघून म्हणाली, "तनूताई, निघालं बघा पाणी. पिवळंधमक." जणू काही खीर झाली!

मला बरं वाटलं. त्याच्यामागं आणखी एक वाटलं — सुटले. हे जमलं तर मला कुणी विचारणार नाही. लाज वाटली. पण वाटलं ते वाटलंच.

२९ एप्रिल

मानेची नळी काढली.

४ मे

दादा काल घरी गेला! दुकानामागची खोली त्यानं फोनवरूनच साफ करून घेतली — फरशी, चुना, खिडकीला जाळी. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर. मशीन टेबलावर मावते, शिलाई मशीनएवढी. सोबत पिशव्यांची खोकी भिंतभर.

सकाळी फोन केला. "कशी गेली रात?"

"मशीन घुरघुरती वहिनीवानी. बाकी झ्याक."

मागून वहिनीचा आवाज — "काय सांगू राहिलेत वो!"

आतल्या खोलीत जाऊन झोपले. माझी खोली. चादरीला अजून दवाखान्याचा वास. धुवायची ताकद नाही.

१२ मे

सुट्ट्या. घरात कुणी नाही. दिवसभर झोपते. उठले की परत झोप येते. इतके महिने अंगात एवढी झोप कुठं साठली होती!

२१ मे

वहिनीचा फोन, पहाटेच. सकाळचं पाणी गढूळ आलं. सिस्टरांनी सांगितलं होतं — गढूळ दिसलं की थांबायचं नाही. तिनं पिशवी तशीच जपून घेतली, दादाला गाडीत घातलं, माझ्याआधी दवाखान्यात पोहोचली. पोटात दुखत होतं त्याच्या, पण चालत आला.

संसर्ग. मॅडम म्हणाल्या, लवकर आणलं हे फार बरं केलं, पिशवीतूनच अँटिबायोटिक देऊ. कुणाच्या चुकीनंच होतं असं नाही. वहिनी ऐकत नव्हती. आपलेच हात उलटेसुलटे करून बघत होती.

२२ मे

लिहू की नको. लिहिते.

आई आली. जिन्याजवळ मला धरलं. "बघितलंस? म्हणलं व्हतं मी. आता तरी तोंड उघड. भाऊ मेल्यावर देणार हाईस का?"

मी ओरडले. "नाही! नाही देणार! माझं शरीर आहे ते, तुझ्या घरातलं सामान नाही!"

सगळे बघायला लागले. वॉर्डाचं दार उघडं होतं. दादाच्या कानावर गेलंच असणार.

आई खाली बसली, जिन्यावरच. मी तिला तशीच सोडून रिक्षात बसले. घरी येऊन अंघोळ केली. का केली, माहीत नाही.

२३ मे

गेलेच नाही.

२४ मे

गेले. दादा उठून बसलेला. पाणी निवळायला लागलंय. वहिनी बाहेर गेल्यावर म्हणाला, "इकडं बस."

बसले.

"तुझं काय बी नको मला. रागानं नाय म्हणत. मी मशीनवर जगतो हाय, चांगला जगतो हाय. एकदा बिघडलं, दुरुस्त झालं. मशीन म्हणलं की बिघडणारच. आईला बी सांगितलंय, परत हा विषय काढला तर मी दवाखाना सोडून घरी जाईन."

त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. पस्तिशी उलटली माझी!

२८ मे

घरी सोडलं. आई माझ्याशी बोलत नाही. मी पण नाही.

८ जून

पैठणला गेले. सांगून नाही, तशीच. वाटेत बिडकीनला गाडी अर्धा तास उभी, उन्हानं पत्रा तापलेला. दुकानासमोर उतरले तर शटर वर! आत दादा मोटार उघडून बसलेला, मांडीवर तांब्याची तार, समोर दोन गिऱ्हाईकं. चेहऱ्यावरची ती राखाडी झाक गेलीय. मला बघून उठला नाही — "बस, हे एवढं भरून होऊ दे." लहानपणी असंच म्हणायचा.

दुपारी मला गाडीवर बसवून धरणाकडं घेऊन गेला. मी मागून ओरडते, दादा हळू, तुझ्या पोटात मशीननं सकाळी भरलेलं पाणी आहे, दिवसभराचं! तर म्हणतो, "रस्ता नवा केलाय. पोटातलं पाणी बी हलत नाय!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की गाडी डुलली.

वहिनीनं मोसंबी सोलली. त्याला आता थोडी चालते, मॅडमनी सांगितलंय. त्यानं दोन फोडी खाल्ल्या. बिया हातात घेऊन बराच वेळ बसला. आई लांब बसून बघत होती. मग तिनं माझ्यापुढं पण वाटी ठेवली.

संध्याकाळी मशीन लावायच्या आधी वहिनीनं हात धुतले. मी दारातून बघत होते. एक एक बोट. नखं. कोपरापर्यंत. रोज असंच. सणाला, तापात, कुणाच्या मयताला जाऊन आलं तरी. ती रात्रीची कुठं जाऊ शकत नाही, तो कुठं मुक्कामाला राहू शकत नाही. वहिनी थकलीय. तिनं कधी म्हटलं नाही म्हणून मला दिसलं नव्हतं.

९ जून

परतीच्या गाडीत एक गोष्ट लक्षात आली. दोन दिवसांत मला कुणीच काही मागितलं नाही. ना बोलून, ना बघून. आणि भीती शोधली तर सापडेना. थोडी आहे. पण राग अजिबात नाही. म्हणजे आतापर्यंत मी नाही म्हणत होते ते किती भीतीमुळं, आणि किती रागामुळं?

१४ जून

मॅडमना एकटीच जाऊन भेटले, किडनी द्यायची आहे म्हटलं. म्हणाल्या, घाई नाही, तो मशीनवर उत्तम आहे, वर्षानुवर्षं राहू शकतो. तुम्हाला कुणी भरीस घातलं का? म्हटलं, घालत होते तेव्हा आलेच नाही मी. त्यांनी कागद पुढं ओढला. मग तपासण्या सांगितल्या.

१५ जून

दादाला फोन केला. तो चिडला. "नको म्हणलं होतं ना तुला!"

"मी विचारत नाही दादा. सांगते आहे."

मग वहिनीनं फोन घेतला. ती रडायला लागली. मागून आईचा आवाज — "काय झालं? कुणाला काय झालं?" कुणीतरी तिला सांगितलं असावं. फोनवर आली. "तनुजा..." म्हणाली. मग म्हणाली, "मी लई वंगाळ बोलले गं तुला."

मी म्हटलं, हो.

१६ जून

शाळा उघडली. पोरांना सांगितलं, अपूर्णांक परत पहिल्यापासून. आवाज छान लागला आज. मोठ्या बाईंकडं ऑपरेशनसाठी सप्टेंबरची रजा बोलून ठेवली. यावेळी त्यांनी पाणी विचारलं, बसा म्हणाल्या.

२४ जून

रक्ताचे रिपोर्ट सगळे चांगले! जुळणीही चांगली. शनिवारी सोनोग्राफी. दादा येतो म्हणतोय सोबत. नको म्हटलं तरी येणार.

२८ जून

सोनोग्राफीच्या बाई डाव्या बाजूला बराच वेळ शोधत राहिल्या. कुशीवर वळवलं, पालथं झोपवलं. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मला डावी किडनी नाहीच. जन्मापासूनच नाही. आहे ती एकच, उजवी — चांगली आहे, पण तीच जन्मभर जपायची.

बाहेर येऊन दादाला सांगितलं. तो ऐकून उठला. माझ्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला लावली, आणि अख्खा जिना उतरेपर्यंत माझा हात धरून राहिला — पायरी पायरी, सावकाश, आजारी मीच असल्यासारखं.